उजेडात मिटणारा डोळा

दादाचा उजवा डोळा मिटत नव्हता. आजारपणात तोंडाची एक बाजू लुळी पडली आणि पापणी उघडी ती उघडीच राहिली, अगदी झोपेतसुद्धा. बुबुळाला जखम झाली, पापणी मिटून ठेवायला लावलेल्या चिकटपट्टीने कातडी सोलून निघाली. सोमवारपर्यंत डोळ्याला आराम मिळाला नाही तर पापणी अर्धी शिवावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दादा बस चालवतो; अर्ध्या डोळ्याच्या माणसाच्या हातात बस कोण देणार?

मी प्रयोगशाळेत उजेडाने वाकणारं प्लास्टिक बनवते. निळा उजेड पडला की त्याची पट्टी वाकते, अंधारात पुन्हा सरळ होते. म्हटलं, नखाएवढी पट्टी पापणीवर बसवू, चष्म्याच्या काडीत निळा दिवा लपवू. दिवा लागला की पापणी खाली, विझला की वर. प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा करून पाहिलं, जेवणाची शुद्ध नव्हती.

शनिवारी दुपारी दादाला खिडकीशी बसवून पट्टी लावली. मी दिव्याला हात लावायच्या आतच पापणी खाली आली. आणि वर येईना.

"उघड की आता," दादा म्हणाला.

दिवा बंदच होता. मी खिडकीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आमच्या प्रयोगशाळेला खिडक्या नाहीत, दिवेही पिवळे; नाहीतर माल आधीच वाकून बसतो. उन्हात निळा उजेड असतो हे मी पोरांना शिकवते, आणि स्वतःच विसरले! म्हणजे याचा डोळा भर दिवसा, गाडी चालवताना मिटणार.

"भीक नको पण कुत्रं आवर," दादा हसला.

मला हसू येईना. वरून निळा उजेड अडवणारी काच लावू, पट्टी बदलू, सोमवार तर परवावर आलाय, असं बडबडत मी खोलीभर येरझाऱ्या घालत होते. वळून पाहिलं तर दादा झोपला होता. दोन्ही डोळे मिटून.

तेवढ्यात आई आली आणि तिने पडद्याला हात घातला.

"नको!"

"अगं, तोंडावर ऊन येतंय त्याच्या."

"म्हणूनच मिटलाय डोळा. अंधार केलास तर उघडेल."

आईने खिडकीबाहेर पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं.

"मग दिव्याने चालेल?"

"पांढऱ्या दिव्याने चालेल. चष्म्यातला इवलासा दिवा तासभरही टिकायचा नाही."

तिने टेबलावरचा दिवा आणला, दादाच्या चांगल्या डोळ्यावर रुमाल टाकला आणि उशाशी बसली. पापणी जराशी हलली की दिवा पुढे न्यायची. मला एकदम रडू फुटलं.

"रडतेस काय? जाऊन झोप," ती हळूच म्हणाली. "सोमवारपर्यंत आळीपाळीने धरायचाय."