मास्तरांसोबत जेवलेल्या सहाजणी

चार वर्षं मी माझ्या आत्याला कापत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मी फ्लेक्स छापायच्या दुकानात डिझाइन करते. दरवर्षी मास्तरांचा दिवस जवळ आला की उत्सव समितीचा अध्यक्ष पेनड्राइव्ह घेऊन येतो. त्यात तोच फोटो. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये मास्तर टेबलाशी बसून जेवतायत. त्या काळी आमच्या लोकांना तिथं बसायला बंदी होती. ताट घ्यायचं आणि मागच्या जिन्यावर, गटाराच्या वासात जेवायचं. मास्तर आत जाऊन बसले, पोलिसांनी उचलून नेलं, महिन्याभरात बंदी उठली. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही हे पाठ आहे. फोटोत मास्तरांच्या दोन्ही बाजूंना सहा बायका बसल्यात. अध्यक्ष सांगायचा, गर्दी काढ, मास्तर मोठे कर. मी मुकाट्यानं काढायचे.

यंदा आत्या माझा विसरलेला डबा द्यायला दुकानात आली. स्क्रीनवर अख्खा फोटो उघडा होता. ती माझ्या खुर्चीला धरून वाकली आणि कडेच्या काटकुळ्या मुलीवर बोट ठेवलं.

"ही मी."

मला वाटलं, चेष्टा करतेय. मग तिनं बाकीच्या पाचजणी सांगितल्या. सगळ्या हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या. आत जाऊन बसायचं त्यांनीच ठरवलं होतं. कायद्याचं बोलता येणारं कुणीतरी हवं म्हणून रात्रशाळेतल्या मास्तरांना बोलावलं. मास्तर आठवड्यात सुटले. या सहाजणींची नोकरी गेली ती गेलीच.

मी चिडले. इतकी वर्षं तोंडात मूग धरून का बसलीस, विचारलं. ती म्हणाली, पहिल्याच वर्षी समितीला सांगितलं होतं. मावशी, पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. मग म्हणाली, "आता दोघीच उरलोय. दुसरीला पोटची पोरं ओळखू येत नाहीत. मी गेले की ही सहा तोंडं कुणाचीच नाहीत बघ."

मी अख्खा फोटो छापला. मालकानं पाहिलं, डोकं खाजवलं, मी काही पाहिलंच नाही म्हणाला आणि चहाला निघून गेला. भला माणूस.

मास्तरांच्या दिवशी हॉस्पिटलच्या आवारात फ्लेक्स वर चढला आणि अध्यक्षाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मास्तर बारीक दिसतायत, म्हणाला. लोक मास्तरांना बघायला येतात, धुणंवाल्यांना नाही. आत्ताच्या आत्ता उतरव. या माणसाचं भाषण दरवर्षी समतेवर असतं, आणि लोक टाळ्याही वाजवतात.

"मास्तर या बायकांच्या शेजारी बसून जेवले," मी म्हटलं. "तुम्ही दरवर्षी त्यांना परत जिन्यावर बसवता. उतरवायचा तर तुमच्या हातानं उतरवा."

तो शिडीकडे वळला, पण शिडीपाशी अँब्युलन्सचा ड्रायव्हर उभा होता. पन्नाशीचा, आडदांड. फ्लेक्सवरच्या एका हसऱ्या बाईकडे मान वर करून बघत होता.

"माझी आई आहे ही," तो म्हणाला. "आमच्या घरात तिचा एक फोटो नाही. कोण ओळखतं हिला?"

शेवटच्या रांगेत आत्यानं हात वर केला. ड्रायव्हर लोकांतून वाट काढत गेला आणि तिला दंडाला धरून पुढे घेऊन आला. शे-दोनशे माणसं मागोमाग सरकली. अध्यक्षाला वारं कुठून वाहतंय ते चटकन कळतं. त्यानं शिडी सोडून माईक आणला आणि मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला, मावशी, दोन शब्द बोला.

आत्यानं माईक त्याच्या हातातूनच काढून घेतला.

"दोन शब्दांत भागणार नाही, बाबा. तू बस." मग ती ड्रायव्हरकडे वळली. "मास्तर त्या दिवशी घाबरलेले. घास उतरेना. तुझ्या आईनं त्यांच्या ताटातला बटाटा उचलला आणि म्हणाली, मास्तर, तुरुंगात जायचंच आहे तर उपाशी कशाला जायचं?"

सगळं आवार हसलं. ड्रायव्हर हसता हसता बाहीनं डोळे पुसायला लागला. आत्या फ्लेक्सजवळ सरकली, फोटोतल्या त्याच्या आईशेजारच्या बाईकडे हात केला आणि गर्दीकडे बघून विचारलं, "हिच्या घरचं कोण आलंय?"