पुन्हा चार उरल्या

मी एक जुनी संख्या आहे, दहा लाख तीन. माणूस मोजायला शिकला त्याच्या आधीपासून मी आहे. फक्त मला हाक मारणारं कुणी नव्हतं. मित्रांनो, मी मूळ संख्या. एक आणि मी स्वतः, याखेरीज मला कुणीही निःशेष भागू शकत नाही. तरी कुणी भागायला बसलं की मी घाबरतेच.

यंदा मला हाक मारली ती उस्मानपुऱ्यातल्या भानुमतीबाईंनी. त्यांचे यजमान केशवराव यांच्या हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. रक्तातली साखर उतरेपर्यंत डॉक्टर थांबले होते. ऑपरेशन सुखरूप पार पडावं म्हणून बाईंसह दहा जणींनी प्रत्येकी लाख वाती वळायचा नेम धरला. भरल्या आकड्यावर नेम संपवायचा नसतो, म्हणून ब्रह्मा, विष्णू, महेशाच्या नावाने तीन वाती वर घातल्या. अशी मी त्यांच्या देवघरात अवतरले. दुपारभर हात चालायचे, कापसाचे तंतू पदराला चिकटायचे. इतकी माया मला कधी मिळाली नव्हती.

मग वाटपाची वेळ आली. महादेवाच्या देवळांत वाती सारख्या वाटायच्या, एकही उरवायची नाही, असा त्यांचा रिवाज. बाईंनी पाटीवर मला सात देवळांत वाटलं. मी जीव मुठीत धरून बसले. चार उरल्या. मी वाचले, बाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या. चार म्हणजे तिरडीचे खांदेकरी. त्यांनी अकरा देवळं धरली. चार. तेरा धरली. पुन्हा चार. त्यांनी पाटी पुसून पालथी घातली. माझं न तुटणंच त्यांना भिववत होतं, आणि मला तर बदलता येत नव्हतं.

संध्याकाळी सून मनस्विनी चिकलठाण्याच्या शाळेतून आली. ती तिथं गणित शिकवते. देवापुढं दिवा नाही हे पाहून ती सासूबाईंजवळ बसली.

"डॉक्टरांना सांग, इतक्यात नको म्हणावं," बाई पुटपुटल्या. "चौघं दारात येऊन बसलेत गं."

साखर उतरली होती, आणि डॉक्टरांनी तर आता उशीर करू नका म्हणून बजावलं होतं. मनस्विनीने पाटीवर ओळीने सहा वेळा नऊ लिहिला.

"आई, याला सात, अकरा, तेरा, तिन्हींनी पुरा भाग जातो. इथून चार पावलं पुढं तुमची संख्या. मग दर वेळी चारच उरणार ना? यात बाबांचं काही नाही."

"मग वाटू कशी?"

"वाटूच नका. सगळ्या एकाच देवळात द्या. काही उरत नाही बघा."

बाईंनी तसं केलं, पण धसका गेला नाही.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. पुढं केशवरावांना वॉर्डात हलवताना सिस्टरने बाहेर हाक दिली, "चौघं जण या इकडं." बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. चौघांनी चादरीची टोकं धरून केशवरावांना उचललं.

"हळू रे बाबांनो," चादरीतून क्षीण आवाज आला, "मी अजून आहे."

बाई तिथंच खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या.

मित्रांनो, मला खुशाल भागून पाहा. मी भिईन, पण तुटणार नाही. फक्त एवढं करा, घाबरलेल्या माणसाच्या हाती मला एकटीला देऊ नका. त्याच्या पाटीजवळ कुणीतरी बसा.