सुकेळ्यातली गोळी

वटार गावच्या हिलरी तुस्कानोंना पोहता येत नव्हतं. विहिरीत डोकावतानासुद्धा ते एका हाताने कठडा धरत. तरीही राज्य जलतरण स्पर्धेच्या दिवशी विरारच्या तलावावर त्यांच्याइतकं दमलेलं कुणी नव्हतं. त्यांची धर्मकन्या ॲनिशा पाण्यात हात मारत होती आणि हिलरीकाका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तेच हात हवेत मारत होते. पुढच्या रांगेतल्या बाईंच्या अंबाड्याला दोनदा लागल्यावर त्या उठून पलीकडे गेल्या. मोकळ्या झालेल्या जागेचा उपयोग काकांनी पाय मारण्यासाठी केला.

"मार, ॲनू, मार! भिंत! भिंत आली!"

भिंत आली. बोर्डावर आकडे चमकले आणि निवेदकाचा आवाज फाटला. दोनशे मीटर फ्रीस्टाइल, महिला, खुला गट. प्राथमिक फेरीतच नवा राज्य विक्रम! वय वर्षं फक्त तेरा!

खुला गट म्हणजे वयाची अट नाही. शाळेत जाणाऱ्या मुली आणि मुलांना शाळेत सोडून आलेल्या आया एकाच पाण्यात. त्या सगळ्यांना मागे टाकून दातांना तारा लावलेली ही पोर भिंतीला पहिली लागली होती. तिची आई क्लारा, एरवी सबंध वर्गाला डोळ्यांनी गप्प करणारी शिक्षिका, स्वतः किंचाळत होती. क्लबचे अध्यक्ष जयवंतराव भेटेल त्याला सांगत होते, "आमच्याच क्लबचं बाळ हे. पहिल्यांदा पाण्यात टाकलं ते मीच!" हे खरं होतं. क्लबच्या तलावाच्या उद्घाटनाच्या दिवशी फोटो काढताना तिला त्यांचा धक्का लागला होता.

कोच कौस्तुभ तेवढा शांत उभा होता. अंतिम फेरी संध्याकाळी होती, आणि तोपर्यंत हसायचं नाही असा त्याचा नियम होता.

हिलरीकाका मात्र मनातल्या मनात एक गुपित चघळत होते. या विक्रमात चार आणे वाटा आपला आहे, असं त्यांना वाटत होतं.

झालं होतं असं. ॲनिशाच्या पहिल्या शर्यतीपासून रिवाज पडला होता की पाण्यात उतरण्याआधी धर्मपित्याच्या हातून सुकेळ्याचा एक तुकडा खायचा. सुकेळं म्हणजे राजेळी केळं सोलून उन्हात वाळवलेलं. बाहेरून चामडं, आतून मध. काका ते घरच्या बागेतल्या केळ्यांचं स्वतः करत. आज सकाळी पोरीचं नाक चोंदलेलं होतं. कौस्तुभची ताकीद होती की मला विचारल्याशिवाय साधी खोकल्याची गोळीही घ्यायची नाही, आणि ॲनिशा ती ताकीद बायबलसारखी पाळायची. काकांना हे अती वाटलं. घरच्या टायगरला ते जंताची गोळी केळ्यात घालूनच देत, आणि टायगरने कधी तक्रार केली नव्हती. त्यांनी नाक मोकळं करणारी एक गोळी सुकेळ्याच्या पोटात दाबली आणि प्रेमाने भरवली. पोरीचं नाक मोकळं झालं आणि पोर सुसाट सुटली.

दुपारी पालकांसाठी एक व्याख्यान होतं. बंदी असलेल्या औषधांची तपासणी करायला आलेल्या डॉक्टरीणबाई बोलणार होत्या. क्लारा ॲनिशाला जेवू घालत होती, म्हणून विक्रमवीराचे पालक या नात्याने काका पहिल्या रांगेत जाऊन बसले. पडद्यावर औषधांची चित्रं येऊ लागली. ताकदीची इंजेक्शनं आली, काकांनी नापसंतीने मान हलवली. कसल्यातरी पावडरी आल्या, "काय लोक असतात!" असं शेजाऱ्याला म्हणून झालं. मग एक पिवळी पट्टी आली. सर्दीची.

काकांचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला. आत तीच पिवळी पट्टी होती, एक घर रिकामं असलेली.

"मॅडम," काका उठले, "समजा, नुसतं समजा हं, ही चुकून कुणाच्या पोटात गेली तर?"

"चुकून गेली तरी गेलीच. शर्यतीच्या दिवशी सापडली तर निकाल रद्द."

"पण खेळाडू लहान असेल तर?"

"शिक्षा सौम्य होते. निकाल तरी जातोच, आणि ज्या मोठ्या माणसाने दिली त्याचीही चौकशी होते."

"आणि समजा, त्या लहान खेळाडूला माहीतच नाही. म्हणजे केळ्यात घालून वगैरे..."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली केला. "काका, कुणाला सर्दी झालीय?"

"टायगरला," काका म्हणाले. "कुत्रा आहे." आणि ते बाहेर पडले ते जवळजवळ धावतच.

कँटीनच्या मागे त्यांनी कौस्तुभ आणि जयवंतरावांना गाठलं आणि सगळं ओकून टाकलं. कौस्तुभ खाली पायरीवरच बसला. जयवंतराव मात्र उभ्या उभ्या सावरले.

"एवढं काय त्यात?" ते आवाज उतरवून म्हणाले. "तेरा वर्षांची पोर. तिला कोण फाशी देतंय? तपासणीत नाही सापडली तर सुवर्णपदक, सापडली तर लहान म्हणून सुटेल. दोन्हीकडून आपलंच! हिलरी, तुम्ही फक्त तोंडाला कुलूप लावा."

"जयवंतराव," कौस्तुभ म्हणाला, "पदक घ्यायला ती मोठी आणि जबाब द्यायला बाळ? असं सोयीने वय बदलत नसतं."

"तू गप रे. तुझीही नोकरी आहे इथे."

कौस्तुभ गप्प झाला, पण नोकरीमुळे नाही. तो काकांकडे बघत होता. गोळी कुणी दिली हे त्याला कळलं होतं. आता बोलतो कोण, हे बघायचं होतं.

चहा घ्यावा म्हणून काका कँटीनमध्ये शिरले, तर समोरच्या टेबलावरून एका बाईने हात केला.

"तुम्ही ॲनिशाचे काका ना? काय पोहते हो पोर! मी मीरा. शेजारच्या लेनमध्ये होते सकाळी. म्हणजे सुरुवातीला शेजारी. नंतर ती दिसलीच नाही."

मीरा तलावासमोरच्याच इमारतीत राहायची, बँकेत नोकरी करायची आणि सासूवर पोरगं टाकून पहाटे पोहायची. प्राथमिक फेरीतून आठजणी पुढे जातात. ती नववी आली होती.

"दरवर्षी नववी किंवा दहावी," ती हसत म्हणाली आणि तिने वडापावाचा मोठा घास घेतला. "कुणी आजारी पडलं तरच माझा नंबर. तसं कुणाला आजारी पड म्हणता येत नाही ना! पण एकदा अंतिम फेरीत उभं राहायचंय हो, पोरगं मोठं व्हायच्या आत. हरले तरी चालेल. तुमच्या ॲनिशाला सांगा, जोरात पोह."

काकांना चहा जाईना. कपातली माशी काढावी तसे ते कपात बघत राहिले. माशी नव्हती.

तेरा वर्षांपूर्वी ॲनिशाच्या बाप्तिस्म्याला चर्चमध्ये पांढऱ्या झग्यातलं ते गाठोडं त्यांच्याच हातात होतं. फादरनी विचारलं होतं, सैतानाचा त्याग करतेस का? गाठोडं झोपलेलं होतं. "होय, करते," असं उत्तर काकांनी दिलं होतं, तेही जरा मोठ्यानेच, कारण व्हिडिओ चालू होता. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलायचं, एवढंच तर धर्मपित्याचं काम. आणि आज, पोरीला चांगलं फाडफाड बोलता येत असताना, ते तिच्या वतीने गप्प बसायला निघाले होते.

काका उठले. शर्यतीची वेळ होत आली होती. तलावाच्या कडेला ॲनिशा खांदे फिरवत होती, क्लारा तिच्या टोपीत केस कोंबत होती.

"ॲनू, सकाळच्या सुकेळ्यात गोळी होती. सर्दीची. ती चालत नाही."

ॲनिशाचे खांदे थांबले. "तू मला टायगरसारखी गोळी दिलीस?"

"नाक चोंदलं होतं तुझं, म्हणून..."

क्लाराने तोंड उघडलं. रागावली की ती वटारच्या घरच्या बोलीत शिरत असे, आणि पुढची दोन मिनिटं ती त्या बोलीत जे म्हणाली त्यातलं काहीच छापण्याजोगं नाही. फादर ऐकत असते तर त्यांनी स्वतःच कुठेतरी जाऊन कबुली दिली असती.

ॲनिशाला त्यातलं काही ऐकू जात नव्हतं. "मग सकाळी मी पोहले की गोळी पोहली?"

"तूच पोहलीस! गोळीने फक्त नाक मोकळं केलं."

"तुला काय माहीत? मला तरी काय माहीत? आता कधीच कळणार नाही!" तिचे डोळे मात्र कोरडेच राहिले. "मी सांगते जाऊन."

"नाही," काका म्हणाले. "गिळलीस तू, पण दिली मी. मी सांगतो. तू फक्त बरोबर ये. तुझ्या मागे तुझ्याबद्दल काही व्हायला नको."

आणि काका निघाले. मध्ये जयवंतराव आडवे आले, "हिलरी, आपल्या क्लबचा विचार करा!" पण काका चढावर सायकल मारल्यासारखे पुढे झुकून चालत होते, त्यांना थांबता येईना. मागून कौस्तुभ येत होता. आज पहिल्यांदाच तो किंचित हसत होता.

मुख्य पंचांच्या गळ्यात शिट्टी होती आणि चेहऱ्यावर शिट्टीइतकाच जिव्हाळा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही पालक का?"

"धर्मपिता."

"जलतरणाशी तुमचा संबंध काय?"

"काही नाही. मला पोहता येत नाही."

पंचांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी काकांकडे बघून म्हटलं, "टायगर कसा आहे?" आणि ॲनिशाच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळचा निकाल रद्द, विक्रम रद्द, चौकशी होईल, नमुना आत्ताच घेऊ. सगळं त्यांनी काकांना नाही, तिला नीट समजावून सांगितलं. ती मान हलवत राहिली.

मग निवेदकाने राखीव स्पर्धकाचं नाव पुकारलं आणि तलावावर एकच गोंधळ उडाला, कारण राखीव स्पर्धक सापडेना. "मीरा! मीरा कुठेय?" कौस्तुभ कँटीनकडे धावला. पाठोपाठ काका. मीरा दुसऱ्या वडापावावर होती.

"अहो, उठा! तुम्ही अंतिम फेरीत आहात!"

"मी? आत्ता? मी खाल्लंय हो!"

"टाका तो पाव! चला!"

मीरा एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात चटणीचा ठसा घेऊन धावली. गर्दीने वाट दिली. तिने चष्मा उलटा लावला, काढला, सुलटा लावला, आणि शेवटच्या लेनच्या ठोकळ्यावर चढली तेव्हा सगळ्या तलावाने टाळ्या वाजवल्या.

नमुना देऊन आलेली ॲनिशा भिंतीकडे तोंड करून बसली. शर्यत बघणारच नाही, म्हणाली. शिट्टी झाली. पाणी फुटलं. तिने मान थोडी वळवली. मग पूर्ण वळवली. मग ती खुर्चीवर उभी होती.

"किक! मीरा आंटी, किक कुठे गेली? कोपर वर! वर!"

काकाही खुर्चीवर चढले. क्लाराही. शेवटच्या लांबीत मीराने एकीला मागे टाकलं आणि सातवी येऊन भिंतीला इतक्या जोरात लागली की जणू ती भिंत तिच्या बँकेच्या साहेबांची होती. सातवी! आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ. ती पाण्यातच रडायला लागली, आणि ॲनिशाचंही आता धरण फुटलं. दोघी कशासाठी रडत होत्या हे वेगवेगळं होतं, पण आवाज एकसारखाच होता.

चौकशी काही महिने चालली. ॲनिशाला लेखी समज देऊन मोकळं केलं. हिलरीकाकांना मात्र दोन वर्षं कुठल्याही अधिकृत तलावाच्या आवारात पाऊल टाकायला बंदी झाली. न पोहता जलतरणातून बाद होणारा वटारमधला हा पहिलाच माणूस. आळीत काही दिवस त्यांना "चॅम्पियन" म्हणून हाका मारल्या गेल्या. ते ओ देत.

पुढच्या वर्षीची स्पर्धा पुन्हा विरारलाच होती. काका मीराच्या पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे होते. आवाराबाहेर होते, म्हणजे कायद्यात बसत होते. अडचण एकच होती. मधल्या पाण्याच्या टाकीमुळे अर्धाच तलाव दिसायचा. ॲनिशा टाकीमागे गेली की काका श्वास धरत, ती बाहेर आली की सोडत. मीराच्या सासूबाईंनी चहा आणला होता, तो कठड्यावर निवत होता.

"आली! तिसरी आहे! गेली... आली! दुसरी! दुसरी!" आणि ती शेवटचं टाकीमागे गेली. शर्यत संपायची भिंत नेमकी तिकडेच होती. खालून गर्जना उठली. कोण लागलं, काही कळेना. काकांनी कठडा दोन्ही हातांनी धरला.

मग टाकीच्या कडेने एक ओली आकृती बाहेर आली, मान वर करून इमारतीवर काहीतरी शोधू लागली, आणि तिने दोन बोटं उंच धरली.

"दुसरी!" काका ओरडले. खालच्या वरच्या खिडक्या उघडल्या. "दुसरी आली माझी पोर!"

"दुसरीच ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग एवढं काय?"

"अहो, सगळी तिची आहे! पुरी दुसरी, एकटीची!"

आवाज तलावापर्यंत पोचला असावा, कारण मुख्य पंचांनी शिट्टी तोंडातून काढून गॅलरीकडे पाहिलं. माणसाला बंदी असेल तर त्याच्या आवाजाला असते का, हे नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. धोका नको म्हणून काका वाळत घातलेल्या साड्यांच्या मागे गेले, आणि तिथून ओरडत राहिले.