शून्यावा घात

गणिताचे सर जिन्यावरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि सातवीचं गणित खेळाच्या बाईंच्या गळ्यात पडलं. "तुमचा आवाज मोठा आहे, वर्ग ताब्यात राहील," एवढंच मुख्याध्यापिका म्हणाल्या. एका शिट्टीत अख्खी शाळा रांगेत उभी करणाऱ्या बाईंना घातांक मात्र स्वतःच्या शाळेतही कधी जमले नव्हते.

पहिले काही तास कसेबसे निभावले. दोनचा तिसरा घात म्हणजे दोन तीनदा मांडून गुणायचे. निम्मा वर्ग "सहा" म्हणायचा, बाई "आठ!" म्हणून ओरडायच्या, गाडी पुढे सरकायची. मग शून्य आलं.

"शून्य सोडून कुठलीही संख्या घ्या, तिचा शून्यावा घात एक," बाईंनी सांगितलं.

खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. सतत काहीतरी कुरतडायची म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत.

"बाई, म्हणजे पाच एकदाही मांडायचा नाही ना? मग काहीच उरलं नाही. हा एक कुठून आला?"

"नियम आहे तो."

"पण कुणी केला?"

वर्ग खिदळला. बाईंनी खडू खाली ठेवला. "उद्या सांगते."

घरी त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. तो इंजिनियर. "ताई, पाठ करून घे गं पोरांकडून, सुटशील," तो म्हणाला. बाईंचं समाधान होईना. त्या तडक दवाखान्यात सरांकडे गेल्या.

सर पाय टांगून पडले होते. "पाचचा तिसरा घात एकशे पंचवीस. घात एकने कमी झाला की पाचने भागायचं. पंचवीस. मग पाच. मग?"

"एक!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या की नर्स डोकावून गेली.

दुसऱ्या दिवशी बाई एकशे पंचवीसपासून खाली उतरू लागल्या. मागून कुणीतरी विचारलं, "घात म्हणजे गुणाकार ना, बाई? मग भागायचं कशाला?"

बाई अडखळल्या. दवाखान्यात लख्ख दिसलेलं सगळं आता तोंडात येईना. त्यांनी तेच शब्द पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. फळा पांढरा झाला, घंटा झाली.

"तुला तरी कळलं ना गं?" त्यांनी खारूताईला विचारलं.

मुलीने त्यांच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हो बाई. एक." आजारी माणसाला 'आज बरे दिसताय' म्हणावं, तशी ती म्हणाली.

चाचणीत शून्याचा प्रश्न झाडून सगळ्यांचा बरोबर आला. मुख्याध्यापिका खूश झाल्या. बाईंनी मधल्या सुट्टीत खारूताईला बोलावलं.

"खरं सांग. कळलंय?"

"नाही, बाई."

"मग परत विचारायचंस की."

"कुणाला?"

तिच्या विचारण्यात उद्धटपणा नव्हता. ती खरंच उत्तराची वाट बघत उभी होती. बाई तिला म्हणाल्या, "जा, डबा खाऊन घे."