माशीचं नेढं

आमच्या बोईसरच्या गाळ्यात पंधराजणी गळावर पिसं बांधून माश्या करतात. परदेशातल्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो, तो पाण्यावर तरंगणारी ही माशी खरी समजून गिळतो. मासा मूर्ख असेल, गिऱ्हाईक नाही. मागच्या आठवड्यात बावीस नंबरच्या, म्हणजे सगळ्यांत बारीक माश्यांचा अख्खा डबा परत आला. गळांची नेढी बुजलेली, दोरा ओवताच येईना.

बारीक माश्या एकटी सोमी बांधते. तिला जवळचं दिसत नाही हे मी केव्हाच ताडलं होतं. गाळ्यातला नियम माझाच आहे: चष्मा लागला की माशी सोडायची, पॅकिंगला बसायचं. नांदेडहून येऊन वीस वर्षं इथे सुपरवायझर आहे, मी कुणाची गय करत नाही. मालकीणबाई, प्रियदर्शिनी मॅडम, आज स्वतः परीक्षा घ्यायला आल्या तेव्हा सोमीला मीच पुढे बसवलं.

"हात थरथरू देऊ नकोस," मी म्हणालो.

"तुमी बाजूला सरका, नागोभाऊ. उजेड अडतोय."

तिने तीन पिसं उचलली. पाहिलीच नाहीत, एकेक वरच्या ओठाला लावलं. मऊ पीस भिजून बुडतं, ताठ तरंगतं. तिसरं ठेवलं. चिमट्यातला गळ कणीएवढा. दोऱ्याचे वेढे ती पुटपुटत मोजत होती. नेढ्यापाशी आली तसा मी पुढे वाकलो. खरं सांगतो, तिने चुकावं असंच मला वाटत होतं.

तिने गाठ मारली. मॅडमनी नेढ्यात दोरा घातला. सरळ आरपार गेला.

मी वैतागून माशी घेतली आणि गाठ सुटू नये म्हणून माशीच्या डोक्यावर वॉर्निशचा थेंब सोडला. हे शेवटचं काम मी कुणाच्या हाती देत नाही. थेंब वाळल्यावर मॅडमनी पुन्हा दोरा घातला. तो टेकला आणि वाकला. दुसऱ्यांदाही तेच.

"सोमी, मग आधीचे डबे कसे पास झाले?" मॅडमनी विचारलं.

सोमी माझ्याकडे बघत नव्हती. "भाऊ जेवायला गेले का मी सुईनं नेढी मोकळी करते. तो डबा बांधून दिला नि मी गावाला भाताच्या आवणीला गेली."

"सांगितलं का नाहीस?"

"त्यांना पॅकिंगला बसायला लागलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमीने कमरेच्या पिशवीतून चष्मा काढला आणि माझ्यापुढे सरकवला. मी तो लावला. नेढं वॉर्निशने गच्च भरलेलं होतं. इतका वेळ मला ते मोकळं दिसत होतं.

चष्मा तिला परत दिला. सुपरवायझरची खुर्ची मागे सारली आणि पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन बसलो.