पेटीतले घड्याळ

"थांब रे," मारिता म्हणाली. "कसला आवाज येतोय?"

तकुराने पेटीतून काढलेला मामाचा कोट तसाच हवेत धरला. चटईभोवती बसलेल्या माणसांनी कान टवकारले. नाचणीच्या दारूचा भोपळा ज्याच्या हातात होता त्याच्याच हातात राहिला. कोटाच्या घडीतून बारीक, घाईघाईचा आवाज येत होता.

ताबेथने तो सगळ्यांच्या आधी ऐकला होता. ती बायकांच्या ओळीत काळ्या कपड्यांत बसली होती. तिने मान वर केली नाही.

तिचा नवरा फिनियास जाऊन वर्ष झाले होते. त्याचे कपडे, टोपी, वस्तरा, घड्याळ असे सगळे दफनाच्या दिवशीच या पत्र्याच्या पेटीत घालून पेटी आतल्या खोलीत ठेवली होती. वर्ष सरले की बहिणीच्या मुलाने पेटी उघडायची, वस्तूंवर पाणी शिंपडायचे आणि त्या नातेवाइकांत वाटायच्या. मग गेलेला माणूस सुखाने पूर्वजांत जातो. तोवर पेटीला कुणी हात लावायचा नाही. बायकोने तर नाहीच. तिने लावला तर लोक जादूटोणा म्हणतात, आणि तसे नाव पडलेली बाई त्या घरात राहू शकत नाही.

तकुराने कोट उलगडला. आतून साध्या स्टीलचे घड्याळ निघाले. काचेवर एक जुना ओरखडा होता. सेकंदकाटा फिरत होता.

"अरे देवा!" झिवानाई बसल्या बसल्या मागे सरकला. हा फिनियासचा धाकटा भाऊ, खाणीच्या फाटकावर पहारेकरी. या घड्याळावर त्याचा डोळा जुना. "वर्षभर पेटीत पडलंय आणि चालू? वेळ काय दाखवतंय?"

एकाने वाकून पाहिले, मग सूर्याकडे पाहिले. "बरोबर आहे की!"

झिवानाई भाच्याकडे वळला. "तकुरा, तू ग्वेरू शहरात बस अड्ड्यावर दिवसभर घड्याळंच उघडून बसतोस ना? मग बोल की. जीभ गिळलीस का?"

तकुराने ओठ ओले केले. "यात सेल नसतो, मामा. आत एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि चावी आपोआप भरते. काढून ठेवलं की एक-दोन दिवसांत थांबतं."

"मग हे?"

"थांबायला हवं होतं," तकुरा म्हणाला. त्याने एकदा मामीकडे पाहिले आणि लगेच पाण्याच्या वाडग्याकडे पाहिले.

मारिता, त्याची आई, भावंडांत सगळ्यांत मोठी. ती गुडघ्यांवर बसली आणि ओंजळीने हळूहळू टाळ्या वाजवू लागली, वडीलधाऱ्यांना साद घालताना वाजवतात तशा. "फिनियास, माझ्या भावा, तुझ्या आजारपणात मी आले नाही. शेळ्या आहेत, नातवंडं आहेत, अशी कारणं सांगत राहिले. माझ्याशी बोलायला आलास का रे?"

"बोलायला नाही, भांडायला आलाय!" झिवानाई म्हणाला. "शांत झालेला माणूस असा टिकटिकत बसेल का? वाटणी बंद करा. भगताला बोलवा. आणि ते घड्याळ नेऊन त्याच्या थडग्यात पुरा."

दोघातिघांनी माना डोलावल्या.

फिनियास आणि भांडण! एरवी ताबेथला हसू आले असते. फिनियास मिशनच्या शाळेत शिपाई होता. झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा ठोकून तास द्यायचा. शाळेचे गजराचे घड्याळ मनाला येईल तसे चालायचे आणि मास्तर त्याला चिडवायचे, "फिनियास, तुझा सूर्य आज उशिरा उगवला वाटतं!" तो हसायचा. घरी आल्यावर मात्र जेवताना बोलायचा नाही. म्हणून ताबेथने सुईवर विणलेले टेबलक्लॉथ डोक्यावर घेऊन जोहान्सबर्ग गाठले होते. ते दारोदार विकून ती एका घड्याळाच्या दुकानात शिरली. दुकानदाराने आधी सेलवाली दाखवली, हलकी आणि चकचकीत.

"सेल संपला की?"

"दुकानात जायचं, नवा घालायचा."

"आमच्या दुकानात मीठ मिळालं तरी पुष्कळ."

तेव्हा त्याने खालच्या खणातून हे काढले. जड, दिसायला साधे. "याला काही लागत नाही. हात चालला की हे चालतं."

फिनियास ते फक्त आंघोळीला काढायचा. पट्ट्याच्या कड्यांतला घाम सदऱ्याच्या टोकाने पुसायचा. तकुरा सुट्टीत आला की ते उघडून आत तेल घालून द्यायचा. झोपताना फिनियासचा हात उशीवर, तिच्या कानापाशी असायचा.

दफन करून आले त्याच्या दुसऱ्याच पहाटे पेटीतला आवाज थांबला. आजारी माणसाचा हात हलत नव्हता, चावी पुरती भरलीच नव्हती. त्या शांततेत ताबेथला वाटले, फिनियास आत्ता गेला. काही दिवस तिने कळ काढली. मग एका सकाळी पेटी उघडली. उचलताच घड्याळ चालू झाले. तिने काही केले नव्हते, नुसते उचलले होते. ते तिच्या हातातून पडणारच होते. शाळेच्या ठोक्यावर तिने वेळ लावली, ते दंडावर चढवले, वर बाही ओढली आणि भुईमुगाच्या शेतात गेली. मग रोजच जाऊ लागली.

काल सकाळी तिने ते शेवटचे पेटीत ठेवले. रात्रीतून थांबेल असे वाटले, मागे तसेच थांबले होते. पण मागे ते आजाऱ्याच्या मनगटावरून उतरले होते. या वेळी कुदळ मारणाऱ्या हाताने ते काठोकाठ भरले होते.

"तर मग भगताकडे कोण जातंय?" झिवानाई विचारत होता.

"ते भांडायला आलेले नाहीत," ताबेथ म्हणाली. "कुणीच आलेलं नाही. मी घालत होते."

तिने बाही वर केली. दंडावर पट्ट्याच्या रुंदीची कातडी घासून गुळगुळीत झाली होती.

बायकांच्या ओळीत तिच्या दोन्ही बाजूंना जागा झाली.

"बघा!" झिवानाई उभाच राहिला. "धरून ठेवलंय हिने माझ्या भावाला! सगळ्यांचा भुईमूग करपला आणि हिच्या शेंगा कशा भरल्या, कळलं का आता?"

"खुरपल्या म्हणून भरल्या, भाऊजी."

मारिता अजून गुडघ्यांवरच होती. तिच्या ओंजळी उघड्या राहिल्या होत्या. "म्हणजे," तिने विचारले, "तो आला नाही?"

"नाही, वन्सं."

मारिताने घड्याळाकडे पाहिले. अशा वाटणीत शेवटचा शब्द थोरल्या बहिणीचा असतो, म्हणून सगळे तिच्याकडे बघत होते. मग ती सावकाश म्हणाली, "ताबेथ, हे तुझ्या विणकामाच्या पैशाचं ना? बाईच्या हातची कमाई बाईची. ती या पेटीत यायलाच नको होती. तू एवढंच म्हण, 'माझं होतं, त्याला वापरायला दिलं होतं.' स्वतःचं घड्याळ घातलं तर गुन्हा कसला? घड्याळही तुझं राहील. म्हण आणि मोकळी हो."

"म्हण ना, मामी," तकुरा हळूच बोलला.

ताबेथने तोंड उघडले. नवीन घड्याळ घालून शाळेत निघालेला फिनियास तिला दिसला, बाही मुद्दाम दुमडलेली, ओळखीच्या माणसालाही थांबून वेळ सांगणारा. तिने तसे म्हटले तर ते त्याने मागून घातलेले घड्याळ ठरले असते.

"नाही, वन्सं. मी ते त्यांना दिलं होतं. त्यांचंच होतं."

मारिताने मान हलवली, जणू तिला हेच वाटले होते आणि हेच नको होते. "एक शेळी दंड. घर तिचं तिला राहील. घड्याळ झिवानाईला."

"मला?" झिवानाई खाली बसला. "म्हणजे, भगताला एकदा विचारून मग…"

"हात पुढे कर."

तकुराने पाणी शिंपडले. झिवानाईने डोळे मिटून हात असा लांब केला, जणू कुणी तो कापणार होते. पट्टा त्याला लावताच येईना. शेवटी ताबेथ पुढे आली, गुडघे टेकून बसली आणि तिने दोन्ही हातांनी घड्याळ त्याच्या मनगटावर चढवून खटका दाबला. तिची बोटे काचेवर जराशी रेंगाळली.

"घाम पुसत जा, भाऊजी. आंघोळीला काढून ठेवा. आणि फाटकावर नुसते बसून राहू नका, हात हलता ठेवा. नाहीतर थांबेल."

"म्हणजे थांबणारच!" मागून कुणीतरी बोलले. सगळे हसले. भोपळा पुन्हा फिरू लागला.

उन्हे उतरली तशी माणसे बस गाठायला निघाली. झिवानाई हात अंगापासून दूर धरून चालत होता. ताबेथ चुलीमागे राखेने थाळ्या घासत होती. मारिता येऊन तिच्याजवळ बसली.

"कसा होता गं आवाज?" तिने मग विचारले. "मला नीट ऐकूच आला नाही. मीच बोलत बसले."

ताबेथने हात धुतले. एक थाळी पालथी घालून तिच्यावर नख वाजवले. फार सावकाश झाले. मग दोन नखांनी, आलटून पालटून, जमेल तेवढे भरभर.

मारिताने वाकून थाळीला कान लावला.

"हं," ती म्हणाली. "थांबू नकोस."