मंत्र्याची सासू

यल्मर विरस्मा हा माझा वकिलीतला भागीदार. भांडण त्याला जेवणापेक्षा प्रिय. स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात आपला एक तरी खटला गाजावा, हे त्याचं जुनं वेड.

आमच्या अशील फेन्ना हूकसेमाबाईंना गाजायबिजायचं नव्हतं. त्यांना फक्त समुद्राच्या बांधालगतचं आपलं घर परत हवं होतं. सरकारने ते धोकादायक ठरवून कुलूप ठोकलं होतं आणि बाई लेकीच्या माळ्यावर दिवस काढत होत्या.

सरकारचं उत्तर आलं, "खटला ऐकूच नका. बाई आधी आमच्या बांध समितीकडे गेल्याच नाहीत." स्ट्रासबुर्गचा नियमच तसा आहे. आपल्या देशातले सगळे दरवाजे ठोठावल्याशिवाय तिथे कुणी उभं करत नाही.

"ती समिती?" यल्मर कडाडला. "तिने आजवर एका माशीचं तरी भलं केलंय का?"

न्यायालयाने सरकारला सांगितलं, समितीने कुणाला घर परत दिल्याचं एक तरी उदाहरण दाखवा. सरकारने बरेच दिवस लावले. मग उदाहरण आलं. रिवाजाप्रमाणे नाव झाकलेलं: श्रीमती क्ष, वृद्ध, बांधालगतचं घर समितीने परत दिलं.

यल्मरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने लिहिलं, ही क्ष कुणा मंत्र्याची सासू असणार. माझ्या अशिलासारख्या साध्या बाईला ही समिती दारातही उभं करणार नाही.

"अरे, जरा चौकशी तरी कर," मी म्हटलं.

"चौकशी कसली? वशिल्याचा वास येतोय!" आणि उत्तर धाडून मोकळा.

दुसऱ्या दिवशी फेन्नाबाई सफरचंदाचा केक घेऊन हजर.

"यल्मर, किती रे गुणाचा तू! समितीतली ती बाई तूच पाठवलीस ना? लेकीच्या स्वयंपाकघरात बसून माझा अर्ज लिहून घेतला, लगेच किल्लीही दिली. घर धुण्यापुसण्यात तुला सांगायचंच राहिलं बघ."

यल्मर पांढराफटक पडला. "म्हणजे ती मंत्र्याची सासू..."

"तुझ्यासमोर केक कापतेय," मी म्हटलं. मला हसू आवरेना, आणि बाईंचा चेहरा बघून डोळ्यांत पाणीही आलं.

"तरी आपण लढू!" यल्मर सावरला. "तुमच्यावर अजूनही अन्याय होतोय, मी सिद्ध करतो!"

"नको रे बाबा. आता मी रडू कुठून आणू?"

यथावकाश निकाल लागला: खटला दाखल करून घेण्याजोगा नाही. सांगायला आम्ही बांधावर गेलो.

"म्हणजे आपण हरलो?" दारातूनच बाईंनी विचारलं.

"साफ हरलो," यल्मर म्हणाला.

बाईंनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून गालांवर तीन पापे घेतले.

"असाच हरत राहा, बाळा. आणि पाय पुसून आत ये, घर माझं आहे."